सील न तोडलेल्या बाटल्या

१४ जून, शनिवार

लाडक्या धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींची पाठ पुन्हा धरलीय, त्यामुळे वरच्या फळीवरची भांडी मीच काढते आणि टोमणेही मीच मारते. पार्लरचा नवा आरसा नीट बसला का? फोन करायचा सोडून ताई पत्र कसलं लिहितेय, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय मी ऑफिसातली बाई, कागद समोर असला की मला खोटं बोलवत नाही.

शिवणवाली मावशी अर्धांगाच्या झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आलीय. उजवा हात अजून उचलत नाही. आपले शाळेचे सगळे फ्रॉक शिवले तो हात. दवाखान्यात डॉक्टरांनी तीनदा विचारलं, काही औषध घेता का? ती तीनदा नाही म्हणाली. खोटं नव्हती बोलत. तू पार्लरमध्ये वजन उतरवायला विकतेस त्या हिरव्या कॅप्सूल तिच्या लेखी औषध नव्हत्याच, पाला होता.

बाटली मला मशीनच्या खणात सापडली, बॉबिनांच्या डबीमागे. ती मी आमच्या प्रयोगशाळेत दिली. आत पाला आहे, पण भूक मारणारं एक जुनं औषधही मिसळलंय. हृदयावर ताण येतो, झटका येऊ शकतो, म्हणून ते कधीच बंद झालं. लेबलवर त्याचा मागमूस नाही. मावशीचे चार महिन्यांत नऊ किलो उगाच नाही उतरले.

तुला हे माहीत नव्हतं, एवढं मला कळतं. माहीत असतं तर तू स्वतः घेतल्या नसत्यास. अजून घेत असशील तर आत्ताच्या आत्ता बंद कर आणि डॉक्टरांना दाखव.

या असल्या बाटल्या बाजारात यायच्या आधी आम्ही तपासत नाही. कंपनी 'पूरक आहार, शंभर टक्के वनस्पतिजन्य' असं लिहून देते, की माल दुकानात. कुणी तक्रार केली तर मग आमची गाडी हलणार. आणि मावशी तक्रार कशी करणार? तिने तर घेण्याआधी सरकारलाच विचारलं होतं.

म्हणजे मला.

हेच सांगायचं इतके दिवस टाळत होते. फेब्रुवारीत तिचा ऑफिसात फोन आला. "धाकटी म्हणते, आमची ताई औषध खात्यातच आहे, तिलाच विचारा. घेऊ का गं?" तू माझं नाव पार्लरभर वाटतेस हे मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. मी म्हटलं, "मावशी, वनस्पतीचं आहे, त्याला आमची परवानगी लागत नाही." "झालं तर मग!" म्हणाली. ती काय समजली ते मला तिथल्या तिथे कळलं. परवानगी लागत नाही म्हणजे कुणी तपासलेलंच नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण धंदा तुझा, नुकता कुठे जम बसत होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

गुरुवारी मी तिची तक्रार लिहून घेतली. "धाकटीचं नाव घालू नकोस," म्हणाली. घालावं लागलं. माझा तो फोनही घातलाय. सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाली, "कापलंस तू चुकीचं, आणि अंगावर आलं माझ्या." आणि डाव्या हाताचा अंगठा दिला. धाकटे, मला तिच्याकडे वर बघवेना.

बहीण म्हणून मला या कामातून बाजूला केलंय. दुसरा निरीक्षक येईल. कधी, ते मला माहीत नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं.

तरी लिहितेय आणि आजच माणसाहाती पाठवतेय, कारण आमच्याकडे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला आठवडे लागतात, आणि तुझ्या चाळीस बायका उद्या सकाळी उपाशीपोटी दोन-दोन कॅप्सूल घेणार. आजच एकेकीला फोन कर. बंद करा म्हण. धडधडत असेल, गरगरत असेल, तर बाटली घेऊनच डॉक्टरकडे जा म्हण. लाजेकाजेस्तव गोलगोल बोलू नकोस. त्याने काय होतं ते मी करून बघितलंय.

आणि कपाटातल्या सीलबंद बाटल्या फेकू नकोस. मावशीची बाटली उघडलेली, ती कोर्टात टिकत नाही. तुम्हीच काहीतरी घातलं असेल, म्हणतील. बंद बाटल्या तुझ्याकडेच आहेत. त्या गेल्या तर बनवणारा नामानिराळा राहील आणि महिन्याभरात नवं लेबल चिकटवून तोच माल भरेल. त्या राहिल्या तर तुझ्या पार्लरला बहुतेक टाळं लागेल. अर्धंच सांगून तुला फसवत नाही. हे वाचून तू त्या मोरीत ओतू शकतेस, तेही मला कळतं. मग तुला आधी कळवलं म्हणून माझ्या नोकरीवर बेतेल. ते माझं मी बघीन.

सोमवारी रजा टाकलीय, चार वाजता मावशीकडे असेन. आलीस तर तिची टेप घेऊन ये. गिऱ्हाइकांच्या कमरा मोजायला तू नेली होतीस, ती. डाव्या हाताने माप घ्यायला शिकायचंय, म्हणते.

तुझीच,
आणि या खटल्यात तुझ्यासमोर उभी राहणारी साक्षीदार,
ताई