कॅसेटवरचा हात

सातपूर, नाशिक
ता. १ डिसेंबर २०२४

ती. वत्सलाआत्यास,
स्वराजचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन खिशात असताना पत्रं कसली लिहितोस, म्हणून आई अजून हसते. तिला काय सांगायचं? तुझा अपघात झाला तेव्हा मी पाचवीत होतो. डाव्या हाताला वळण लागावं म्हणून तू मला पत्रं टाकायचीस. तुझं अक्षर सुधारलं आणि माझी सवय काही गेली नाही.

आता बातमी. आमच्या बँडची कॅसेट निघाली! बँडचं नाव ‘पू’. नाक मुरडू नकोस. ह्या संगीताला गोरग्राइंड म्हणतात. गाणी जखमांची, रोगांची, चिरफाडीची. ड्रम मशीनगनसारखे, आणि मी घशाच्या तळातून असा गुरगुरतो की शब्द कुणालाच कळत नाहीत. शेजारच्या भागीबाईंनी आईला विचारलं होतं, की पोराला फिट येते का. ऐकणारे देशभरात मूठभर, पण जीव टाकणारे.

कॅसेटची एक बाजू आमची, दुसरी भिलाईच्या ‘राखड’ बँडची. आम्ही आमच्या बाजूला सतरा गाणी कोंबलीत. त्यांची दोनच, लांब, संथ, छातीवर दगड ठेवल्यासारखी. आमची बाजू लावली की पोरं उड्या मारतात, त्यांची लावली की गप्प होतात. मला आमचीच आवडते. एकवीस तारखेला गंगापूर रोडला कार्यक्रम आहे.

तुला कॅसेट पाठवत नाही. वाजवायला तुझ्याकडे काही नाही, आणि मामांना धडकी भरेल. घोटीला थंडी किती? पिंकीला म्हणावं, दादा बारावीचा अभ्यास विचारणार आहे.

आहे तो लोभ दुपटीने वाढव.
तुझा,
स्वराज


घोटी
ता. ९ डिसेंबर २०२४

चि. स्वराज यास,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्याच्या आदल्या दिवशीच तुझी कॅसेट पिंकीच्या फोनवर पोचली होती. दादाच्या बँडचा फोटो म्हणून ती मोठ्या कौतुकानं दाखवायला आली. मी तांदूळ निवडत बसले होते. तिला काही कळलं नाही, मला बघताक्षणी कळलं. काळ्यावर पांढरी हाडं. अंगठा आणि करंगळी, मधे तीन खुंट, मनगटाशी ती वाकडी तार. डॉक्टरांनी तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला होता. स्वतःचं तोंड विसरेन, तो नाही विसरायची.

खाली नाव ‘पाचातले दोन’. पिंकीनं मोठ्यानं वाचलं आणि हसली. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली आणि हसू तोंडातच राहिलं. उठून मोरीत गेली ती लवकर बाहेरच आली नाही. स्वराज, पोटच्या पोरीसमोर मला माझ्याच हाताची लाज वाटली. अंबडच्या कारखान्यातल्या त्या प्रेसखाली बोटं गेली तेव्हा लय दुखलं, पण लाज नव्हती वाटली. बाजारात लोक बघतात, लहान पोरं विचारतात, त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

ऑक्टोबरात आलास तेव्हा कपाटातून फिल्म काढली असणार. तुला मीच म्हणाले होते, की आपलंच घर आहे, हवं ते घे. मागितली असतीस तर दिली असती का? मला माहीत नाही. पण मला नाही म्हणायला तरी मिळालं असतं.

फिल्म परत पाठव. ह्यांना, तुझ्या मामांना, सांगितलेलं नाही, ते तडक गाडी काढतील. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तब्येतीला जप. बाकी आज काही लिहवत नाही.
वत्सलाआत्या


सातपूर, नाशिक
ता. १४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
स्वराजचा जयभीम.

फिल्म ह्याच पाकिटात, दोन पुठ्ठ्यांच्या मधे आहे.

आधी लिहिलेलं एक पत्र फाडलं. त्यात लिहिलं होतं, की ह्या संगीतात असंच असतं, सगळेच अशी चित्रं लावतात, नाव नाही, चेहरा नाही, कुणाला कळणार? खरं आहे ते. कुणाला कळणार नाही म्हणूनच मी ते केलं.

सगळंच सांगतो, अर्धं सांगून पुन्हा तुझ्यासमोर उभं राहता यायचं नाही. ‘राखड’मध्ये टिकेश्वर म्हणून माझ्याच वयाचा मुलगा आहे. त्याचे वडील भट्टीपाशी भाजले. त्यांची दोन्ही गाणी त्याचीच आहेत. सुरुवातीला वडील स्वतःच्या तोंडून आपलं नाव सांगतात, मग गिटार सुरू होते. कव्हर पाहून टिकेश्वरनं मला विचारलं, की हा हात कुणाचा. मी म्हणालो, इंटरनेटवर सापडला. त्याचा विश्वास बसला.

आणखी आहे. नोव्हेंबरातल्या कार्यक्रमात मी पोरांना एक खूण शिकवली. अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन मिटलेली. मी ‘पाचातले दोन’ ओरडायचं आणि सगळ्यांनी तसा हात वर करायचा. अख्ख्या हॉलनं केला. आत्या, मी हसत होतो. मला फार भारी वाटत होतं. आता कामावर, मेडिकलच्या काउंटरवर, गिऱ्हाइकानं गोळ्यांसाठी हात पुढे केला तरी मला त्याच्याकडे बघवत नाही.

टिकेश्वरला काल खरं सांगितलं. तो म्हणाला, की बाबूजींची बाजू काढून घेतो. बाबूजींनी आपलं नाव विश्वासानं दिलं होतं, ते चोरीच्या हाताला चिकटलेलं नको. आमचा ड्रमवाला बंटी चिडलाय, की एका फोटोसाठी सगळं घालवलंस. इंटरनेटवरचं चित्र उतरवलं, पण घरोघरी गेलेल्या कॅसेट परत येणार नाहीत.

एकवीसचा कार्यक्रम मी रद्द केलेला नाही. तिथे उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे.

लोभ मागायला तोंड नाही.
स्वराज


सातपूर, नाशिक
ता. २३ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
जयभीम. तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. तरी लिहितो.

परवा पहिल्या गाण्याआधी मी माइक धरला. म्हणालो, की कव्हरवरचा हात माझ्या सख्ख्या आत्याचा आहे. कारखान्यात तिची बोटं गेली. मी तो न विचारता उचलला, आणि ती खूण पुन्हा कुणी करू नये.

मागून कुणीतरी आनंदानं किंचाळलं आणि सगळ्यांनी हात वर केले, अंगठा आणि करंगळी. त्यांना वाटलं, हासुद्धा खेळाचाच भाग आहे. खऱ्या आत्याचा खरा हात म्हटल्यावर तर त्यांना जास्तच चढलं. मी नको-नको म्हणत राहिलो, तसे ते आणखी ओरडत राहिले. त्यांच्यावर कसा चिडू? त्यांना हे मीच शिकवलं होतं.

मी माइक खाली ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. बंटी एकटाच वाजवत राहिला. रस्त्यात एक मुलगा धावत आला. मला वाटलं, माफी मागेल. त्याला कॅसेटवर माझी सही हवी होती. तुझ्या हातावर, मधल्या रिकाम्या जागेत. मी केली नाही, एवढंच तुला सांगण्यासारखं आहे.

बँड सोडला. त्यानं तुझं काही भरून येत नाही, हे कळतं.
स्वराज


घोटी
ता. २ जानेवारी २०२५

चि. स्वराज यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं मिळाली. पिंकीला वाचून दाखवली. तुझी परवानगी घेतली नाही, कसं वाटतं बघ.

पोरगी रडली. म्हणाली, की मी हसले ते तुझ्या हाताला नव्हते, मला माहीतच नव्हतं. मग तिनं विचारलं, की हे झालं कसं. स्वराज, इतक्या वर्षांत घरातल्या कुणी मला हे विचारलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून सगळे गप्प, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प. मी तिला सांगितलं. प्रेसची जाळी काढून ठेवली होती, काम भरभर व्हावं म्हणून, साहेबांनीच काढायला लावली होती. शेजारच्या मशीनवरची नवसाबाई मला खुणेनं काहीतरी गमतीचं सांगत होती आणि मी हसत होते. हसतानाच गेली बोटं. पिंकी ऐकत राहिली. चहा उतू गेला.

मग मी तिला फोनवर तुझी बाजू लावायला सांगितली. शब्द एक कळला नाही. पण आमच्या प्रेसच्या शॉपमध्ये असाच आवाज असायचा, अगदी असाच. दुसऱ्या गाण्याला मी बंद करायला लावलं. त्या बाबूजींची बाजू ऐकली नाही. त्यांना विचारून ऐकेन.

तुला वाटलं होतं, की तू सांगशील, पोरं माना खाली घालतील आणि तू मोकळा होशील. तसं होत नसतं रे. पण सही केली नाहीस, ते मी लक्षात ठेवीन.

राग अजून आहे. कधी जाईल ते मला ठरवता येत नाही. मामांना काल सगळं सांगितलं. रविवारी जेवायला ये. मामा जे बोलतील ते ऐकून घे, मी मधे पडणार नाही. वाढताना माझा हात समोर येईल. तेव्हा नजर चोरू नकोस आणि टक लावूनही बघू नकोस. भाकरी घे आणि जेव.

लोभ आहे. नसता तर एवढं दुखलं नसतं.
तुझी,
वत्सलाआत्या