जिथे दहा माणसं जमतील

हॉलिस फेरी, आर्कान्सॉ
२ एप्रिल

प्रिय रूबेन,

तुझं पत्र परवा मिळालं. डोंगरात झाडं लावून लावून तुझं अक्षर पार बिघडलंय, आईला सगळं मीच वाचून दाखवलं. अस्वलाने तुमच्या तंबूतलं पीठ पळवलं तो भाग तिने दोनदा वाचायला लावला. "कार्ट्याला सांग, पुढच्या वेळी पिठाऐवजी मुकादमाला पुढे कर," म्हणाली. तिकडे फोन लागत नाही ते एका परीने बरंच आहे. हे सगळं मला फोनवर बोलता आलं नसतं. तू मधेच काहीतरी विनोद केला असतास, आणि मी हसून विषय सोडून दिला असता.

दोन कॉलेजांनी तुला घेतलंय आणि एक मेपर्यंत उत्तर द्यायचंय. शहरातल्या कॉलेजात शुक्रवारी संध्याकाळी दीडशे-दोनशे ज्यू मुलं एकत्र जेवतात. तुला मात्र ते डोंगरातलंच हवंय. मी तिथे फोन केला होता, तुला न सांगता. ज्यू विद्यार्थी किती आहेत, असं विचारलं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांचंच स्वागत असतं." मी म्हटलं, "ते खरं हो, पण किती?" तर म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी एक मुलगी होती. फार गोड होती." हे नंतर तुला कळवलं, तर तू लिहितोस, "लिओरा, तू माझ्यासाठी कॉलेज शोधतेयस की बायको? मला दगडांचा अभ्यास करायचाय, आणि दगडांना धर्म नसतो." ते वाचून मी हसले नाही. अकरा वर्षांपूर्वी मीही बाबांना असंच तोडून बोलले होते.

तू तेव्हा सात वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. बाबांनी आठवडाभर चपलांचं दुकान बंद ठेवलं आणि मला सहा कॉलेजं दाखवायला गाडीने नेलं. प्रत्येक ठिकाणी आम्हाला फिरवणारी मुलगी ग्रंथालय दाखवायची, तलाव दाखवायची, आणि बाबा मोठ्याने विचारायचे, "हे झालं. ज्यू मुलं कुठे जमतात?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका कॉलेजात तर ते थेट ज्यू मुलांच्या स्वयंपाकघरात शिरले. एक मुलगी भल्यामोठ्या पातेल्यात सूप ढवळत होती. बाबांनी तिला विचारलं, "इथे कुणी तापाने आजारी पडलं तर सूप खोलीपर्यंत कोण नेतं?" ती म्हणाली, "या आठवड्यात मीच." बाबा गाडीत बसता बसता म्हणाले, "हे कॉलेज चांगलं आहे." मी म्हटलं, "बाबा, मी शिकायला जाणार आहे, तापाने पडायला नाही."

खरं सांगू? मला कंटाळा आला होता. शाळेत मी 'ती ज्यू मुलगी' होते. नाताळच्या नाटकात मला दर वर्षी दिवे लावायचं काम, कारण दुसरं काय द्यायचं ते बाईंना कळत नसे. मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथे मी कुणीच नाही. म्हणून अगदी उत्तरेचं, जंगलातलं ते छोटं कॉलेज मी निवडलं.  दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "तिकडे बर्फ फार. बूट आपल्या दुकानातले चालायचे नाहीत, चांगले घेऊ." 

ऑक्टोबरात ते गेले. दुकानात, गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेताना. मी आले, आपण सगळे सुतकाचे सात दिवस बसलो. तुला एवढंच आठवतं की आरसे झाकले होते आणि घरात केक खूप आले होते. गावात तेव्हा आपल्याखेरीज अकरा ज्यू उरले होते, सगळे सत्तरीच्या पुढचे. मिस्टर पेल्त्झ तर ऑक्सिजनची नळी लावून यायचे, पण रोज यायचे. त्या दहा-अकराजणांत उभं राहून मी बाबांसाठी काद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हटलं. ते एकट्याने म्हणायचं नसतं, दहा माणसं समोर लागतात, त्यांनी मधे मधे आमेन म्हणावं लागतं. आठव्या दिवशी आई म्हणाली, "आता परत जा. शिक्षण सोडलेलं त्यांना आवडायचं नाही. अकरा महिने रोज जमलं नाही तर शनिवारी तरी म्हण. तेवढं माझ्यासाठी कर." मी म्हटलं, "म्हणेन."

मी परत गेले आणि दहा माणसं शोधायला लागले. कॉलेजच्या पाद्रीबाई फार भल्या होत्या, त्यांनी मला एक मेणबत्ती दिली. कचेरीकडून चार नावं मिळाली. भोजनगृहाबाहेर मी चिठ्ठी लावली, 'वडिलांच्या प्रार्थनेसाठी दहा ज्यू हवेत, शनिवारी सकाळी दहा वाजता.' पहिल्या शनिवारी सहाजण आले. त्यात गणिताचे म्हातारे प्राध्यापक लांडाउ होते. तिथे एकतीस वर्षं शिकवत होते आणि आपण ज्यू आहोत हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. दाराशीच म्हणाले, "माझा देवावर विश्वास नाही. पण आकड्यात मला धरा." आम्ही साडेअकरापर्यंत थांबलो. कुणी आलं नाही. मंगळवारी माझ्या चिठ्ठीवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'सहाच उरलात?' खाली हसरा चेहरा काढला होता. मी ती फाडून दुसरी लावली. तिच्यावरही तेच, त्याच शाईने. पुढच्या शनिवारी चारजण आले. दोन मुलींनी सांगून टाकलं की आम्हाला यात पडायचं नाही. मला त्यांचा राग आला नाही. मीही तिथे कुणीच नसण्यासाठीच आले होते ना.

फेब्रुवारीत एकदा आठ जमले. एक मुलगा म्हणाला, "दोन काय, धरून चालू या की." लांडाउ सर उभे राहिले. म्हणाले, "मी आयुष्यभर गणित शिकवलंय. आठ म्हणजे आठ. हिच्या वडिलांना खोटे दहा कशाला देता?" आणि म्हाताऱ्याने बर्फातून चालत जाऊन वसतिगृहाची दारं ठोठावली. कुणाला ज्यू आजी आहे का, कुणाला ज्यू आई आहे का. तासाभराने एकटेच परतले, कान लालभडक झालेले. माझ्याकडे न बघता त्यांनी कोट काढला आणि खुर्च्या आवरायला लागले.

दर रविवारी आई फोनवर विचारायची, "म्हटलंस ना गं काल?" मी पहिल्या रविवारी हो म्हटलं आणि मग दर रविवारी हो म्हणत राहिले. ती ते पेल्त्झना सांगायची, प्रार्थना सांगणाऱ्या रब्बींना सांगायची, दुकानात गिऱ्हाइकांना सांगायची. रूबेन, तिकडे मी बाबांसाठी एकदाही काद्दिश म्हटलं नाही. मार्चपासून मी वर्गात जाणं सोडलं, मग जेवायला खाली जाणं. नऊ दिवस खोलीत पडून होते. नऊ दिवसांत दारावर एकच टकटक झाली, ती वसतिगृहाच्या चादरी मोजणाऱ्या माणसाची. मी नापास होऊन घरी आले असं तुला सांगितलं गेलं, आणि "नापास लिओरा, नापास लिओरा" असं म्हणत तू माझ्या पलंगावर उड्या मारायचास. मी नापास झाले नव्हते. मी परीक्षेपर्यंत पोचलेच नव्हते. इस्पितळात होते, तीन आठवडे. ते आई आणि मी सोडून कुणालाच माहीत नाही, आणि त्यामागचं कारण आईलाही माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. गेल्या गुरुवारी तिला उशीला टेकवून बसवत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाबांसाठी म्हटलंस तसं माझ्यासाठीही म्हण. रूबेनवर ओझं टाकू नकोस." माझ्याने राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तो सगळा हिवाळा मी लोकांना काय सांगत फिरले गं." बस, एवढंच. तिच्या स्वादुपिंडात गाठ आहे, रूबेन. जानेवारीतच कळलं. पेसाखच्या सणाला एवढ्या लांबून येऊ नकोस असं तिने तुला लिहिलं ते प्रवासाच्या दगदगीसाठी नव्हतं, तू तिला पाहू नयेस म्हणून होतं. डॉक्टर म्हणतात उन्हाळा निघेल, पुढचं धरून चालू नका. म्हणजे तू कॉलेजात नवा असशील, जशी मी होते. तू उत्तर पाठवेपर्यंत तुला काही कळू द्यायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. "त्याला हवं तिथे जाऊ दे," म्हणाली. ती शपथ मी मोडतेय. गावात आता पाचच ज्यू आहेत, आई धरून. दगड कुठेही शिक, मी आडवी येणार नाही, पण आधी घरी ये. झाडं दुसरं कुणी लावेल. तिला या पत्राबद्दल बोलू नकोस, मुकादमाशी भांडून आलो म्हण, ती लगेच विश्वास ठेवेल. ती फार बारीक झालीय. दारातून आत येताना चेहरा सांभाळ.

तुझीच,
लिओरा