आप्पा, तुमची न झालेली कुस्ती

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. पत्र लिहायची सवय आपल्या घरात कुणालाच नाही. तुम्ही तर सही करतानाही पेन असं आवळून धरायचात की कागदाला भोक पडेल वाटायचं. पण परवा रविवारी मी तामलवाडीला जाऊन आले, आणि तेव्हापासून शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत असते. म्हटलं, बोलतेच आहे तर एकदा कागदावर बोलावं.

तामलवाडीचं नाव वाचून तुम्ही मान खाली घातली असतीत. हे मला आत्ता कळतंय. आधी का नाही कळलं?

पण त्याआधी बसप्पा पैलवान आले होते, ते सांगते.

मागच्या महिन्यात मी सुट्टीला जळकोटला, आईकडं गेले होते. दुपारी दारात एक थोराड म्हातारा उभा. डोक्याला पांढरा रुमाल, दोन्ही कान फुगून मिटलेले, हातात काठी. उमरग्याहून एस्टीनं आले होते आणि स्टँडपासून चालत. गुडघे दुखत होते तरी बसा म्हटल्यावर आधी तुमच्या फोटोपुढं उभे राहिले. मला म्हणाले, "म्या बसप्पा. उमरग्याच्या पल्याडचा. तुझा बाप आन् म्या लढलो न्हाय, त्यो बसप्पा."

लहानपणापासून ऐकलेलं नाव पहिल्यांदा माणूस होऊन समोर आलं होतं. तुम्ही इकडचे गाजलेले, ते तिकडचे. दोघांचं वजन सारखं, वय सारखं, आणि दोघांना पाडणारा त्या वर्षांत कुणी नव्हता. त्यांच्या गावच्या यात्रेत शेवटची कुस्ती तुमच्या दोघांची लावली होती. मी तेव्हा दोन-तीन वर्षांची असेन. बसप्पा आखाड्यात उतरले, हलगी वाजत राहिली, आणि तुम्ही आलाच नाहीत. न लढताच त्यांना फेटा बांधला. त्यानंतर तुम्ही कधीच लंगोट कसला नाहीत.

का, ते तुम्ही कुणाला सांगितलं नाही. मग गावानं आपल्याला जमेल तसं ठरवलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात ती कुस्ती चाळीस वर्षं चालू आहे, आप्पा. कुणी म्हणायचं, आप्पांनी पहिल्या सलामीलाच ढाक लावला असता. कुणी म्हणायचं, बसप्पानं पट काढून पाय उचलला असता, मग ढाक कुठला लावताय? आणि शेवटी कुणीतरी हळूच म्हणायचं, "आवं, पण आप्पा भिले ना."

मी हे ऐकत वाढले. आणि एकदा मीही तेच म्हणाले.

तुम्हाला आठवत असणार. मी एकोणीस वर्षांची होते. शिक्षिकेच्या कोर्सला नंबर लागला होता, होस्टेलवर राहायचं होतं. आपण जेवायला बसलो होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "एकटीनं ऱ्हायचं म्हंजे धीर लागतो, पोरी." त्यात नाही म्हणणं नव्हतंच, आता वाटतं की ती काळजीच होती. पण मी ताडकन बोलले, "मैदानातनं पळालेल्या माणसानं मला धीर शिकवू नये."

तुम्ही हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला आणि गोठ्यात गेलात. दुसऱ्या दिवशी माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन स्टँडवर तुम्हीच आलात. गाडीत जागा धरलीत, खिडकीतून गुळशेंगांची पुडी दिलीत. मी "येते" एवढंच म्हणाले. माफी मागायला नंतर पंचवीस वर्षं होती. एक दिवससुद्धा का नाही मागितली मी?

बसप्पा आल्याचं कळल्यावर अंगणात गल्ली गोळा झाली. कुणीतरी विचारलंच, "पैलवान, आता तर सांगा. कुस्ती झाली असती तर कोण पडलं असतं?"

बसप्पा बाजेवर बसले होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. बसल्या जागी त्यांनी कुस्ती दाखवायला सुरुवात केली. "पैली पाच मिन्टं नुसती खडाखडी. त्येचा हात माझ्या मानंवर, माझा त्येच्या. म्या वजन बघतोय, त्यो श्वास बघतोय. मग म्या खाली घुसनार, पटाला. त्येला ठावं हाय म्या घुसनार. त्यो पाय मागं टाकनार आन् माझा ह्यो हात धरनार." त्यांनी आपलाच उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला. "हितं कुस्ती थांबती. चाळीस वर्सं झाली, रोज हितंच थांबती."

"पुढं काय होतं?" एकानं विचारलं. 

"पुढचं दोघांनी मिळून करायचं आसतंय. एकट्याला कसं ठावं?" असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला.

लोक गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. मला 'अव्वा' म्हणाले. त्यांच्या कानडी मुलखात लेकीलाही आईच म्हणतात ना. "अव्वा, तुझा बाप मला भिला न्हवता. म्या फेटा बांधून घेतला खरा, पन डोकं फिरलं हुतं माझं. म्हनून आठ दिसांनी हितं आलो, भांडायला. ह्यो रानात एकटा. मला म्हनाला, बसप्पा, म्या आता कुनाच्या अंगाला हात लावनार न्हाय."

मग त्यांनी दिगंबरचं सांगितलं. त्यांच्या यात्रेच्या पंधरा दिवस आधी तुमची एका लहान मैदानात कुस्ती झाली होती, तामलवाडीच्या दिगंबरशी. वीस-एकवीस वर्षांचा गडी. तुम्ही ढाक लावलात, त्याचा हात काखेत दाबून त्याला कमरेवरून फेकायला घेतलंत. तो हात सैल सोडत नव्हता, तुम्ही जोर कमी केला नाहीत, आणि तो खांद्यावर पडला. खांद्याचं हाड असं मोडलं की उजवा हात पुन्हा वर गेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्हाला खांद्यावर घेतलं. तुम्ही वरून त्याच्याकडं बघत होतात.

"मग हे लोकांना का नाही सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. "भित्रा म्हणवून घेतलं आयुष्यभर."

"म्याबी तेच इचारलं. तर म्हनला, लोक म्हनतील, ह्या दिगंबरपायी एवढ्या पैलवानाची कुस्ती गेली. त्येचा हात गेलाय, वर ह्ये वझं कशाला द्यायचं? मला शपथ घातली, म्या जित्ता हाय तवर बोलू नको." बसप्पांनी तुमच्या फोटोकडं बघितलं. "आता त्यो न्हाय. म्हनून आलो."

रात्री आईला विचारलं, तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "तामलवाडीला जातात एवढं ठावं होतं."

"आणि विचारलं नाहीस?"

"माणूस घरी येऊन नीट जेवायचा. मग काय इचारायचं?"

आप्पा, माझं तुळजापूरचं घर तुमच्या वाटेवर होतं. दर पौर्णिमेला यायचात, अर्धा कप चहा घ्यायचात, "देवीला जाऊन येतो" म्हणायचात आणि संध्याकाळी परत जाताना धोतराच्या काठाला माती असायची. देवळात कुठली आली काळी माती? मी शिक्षिका आहे, पोरांच्या वहीतली एक वेलांटी चुकली तरी मला दिसते. तुमच्या धोतरावरची माती कशी दिसली नाही?

तर परवा मी आणि बसप्पा मिळून तामलवाडीला गेलो. मला वाटत होतं, मी माफी मागायला चाललेय. तुमच्या वतीनं. काय बोलायचं ते जीपमध्ये जुळवत होते.

दिगंबरकाका ओट्यावर बसले होते. साठी उलटलेली, चेहरा रापलेला. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवल्यासारखाच. त्यांनी डाव्या हातानं रामराम केला. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "वळखलं. नाक आप्पाचंच हाय." मग बसप्पांकडं बघितलं आणि म्हणाले, "आन् ह्ये तर बसप्पा पैलवान. म्या तुम्हाला आखाड्यात बघितलंय. त्या दिशी म्या हुतो तिथं."

"कुठल्या दिशी?" बसप्पांनी विचारलं.

"आप्पा आले न्हाईत, त्या दिशी. हात गळ्यात बांधलेला, डाक्तर नको म्हनत हुता, तरी गेलो. म्होरच्या रांगेत बसलो हुतो. म्हनलं, ज्यानं मला पाडलं त्येनं बसप्पाला पाडलं, तर माझं पडनं काय लाजेचं न्हाय. अंधार पडस्तवर बसलो. हलगी बंद झाली तरी बसलो."

जीपमध्ये जुळवलेली माफी भलत्याच गोष्टीची निघाली.

"पुढं आप्पा हितं यायला लागले. म्या पैल्याच दिशी सांगितलं, आप्पा, कुस्तीत घडतंय ते कुस्तीत घडतंय. माझीबी चूक झाली, म्या हात सैल सोडायला पायजे हुता. तुमी जावा, लढा. तर मान हलवायचे आन् रानात जायचे. पेरनीला पेरनी, काढनीला काढनी. माझी पोरं मोठी होऊन सगळं करायला लागली, तरी आप्पा यायचे, बांधावरचं गवत काढायचे. ओट्यावर बसायचे न्हाईत. म्या कुस्तीचं काडलं की उठलेच." त्यांनी डावा हात ओट्यावर टेकला. "हाताचं म्या तवाच इसरलो. त्या दिशी आले न्हाईत, त्येवढं काय माफ झालं न्हाय माझ्याच्यानं."

तुम्हाला कधी हे वाटलं होतं का, आप्पा? ज्याला ओझं नको म्हणून तुम्ही गप्प राहिलात, तो पहिल्या रांगेत बसून तुमची वाट बघत होता. तुम्ही त्याचं रान नांगरलंत, त्याला हवी होती तुमची कुस्ती. मी तुमच्यावर रागावू की तुम्हाला जवळ घेऊ, मला ठरवता येईना. मी तसं त्यांना म्हणालेही.

दिगंबरकाका म्हणाले, "दोनी कर. म्याबी दोनी करतो."

मी सांगितलं त्यांना, गावात काय बोलतात ते. मी स्वतः काय बोलले होते तेही. आणि विचारलं, "काका, आता लोकांना खरं सांगितलं तर तुम्हाला चालेल का? तुमचं नाव येईल."

"येऊ दे की. एवढ्या मोठ्या कुस्तीत माझं नाव येतंय तर का नको म्हनू? म्यापन पैलवानच हुतो."

यावर बसप्पा मोठ्यानं हसले. त्यांनी अंगणात दाखवलं होतं तेच पुन्हा दाखवलं, खडाखडी, पट, आणि काखेत अडकलेला हात. म्हणाले, "हितं माझी कुस्ती थांबती. दिगंबर, तू त्या हातातनं गेलायस. सांग, पुढं काय?"

दिगंबरकाकांनी डोळे बारीक करून तो अडकलेला हात बघितला. "पुढं तुमी गेला, पैलवान. त्यो हात सुटत न्हाय."

"तुझा सुटला न्हाय. तू पोरगं हुतास. म्या कंबर आत घातली आसती."

"कंबर घालायला टायम कुठं देत हुते आप्पा?"

"टायम मागनारा कोन? घेतला आसता म्या."

मग ते दोघं जे सुरू झाले, ते मला विसरूनच गेले. सुनेनं चहा आणला, तो निवला. एकाचे गुडघे वाकत नव्हते, दुसऱ्याचा हात उठत नव्हता, आणि दोघं मिळून तुम्हाला आखाड्यात कधी वर घेत होते, कधी खाली घालत होते. मी तुम्हाला लढताना कधी बघितलं नव्हतं, आप्पा. परवा बघितलं. तुम्ही डावा पाय आधी टाकायचात म्हणे, आणि भिडायच्या आधी समोरच्याच्या डोळ्यांत न बघता छातीकडं बघायचात. हे मला तुमच्याकडून ऐकायचं होतं.

निघताना बसप्पा म्हणाले, "म्या पुढच्या पुनवंला यतो. माझं झालं न्हाय अजून." दिगंबरकाका म्हणाले, "या. पडायला या."

आप्पा, तुम्ही मैदानात गेला नाहीत हे खरंच आहे. मी ते खोटं म्हणणार नाही, आणि झाकणारही नाही. पण तुम्ही बसप्पांना भिऊन पळाला नव्हतात, आणि मी ते न विचारताच बोलले. माझं ते वाक्य चुकलं. तुम्ही समोर असताना म्हणायचं होतं, आता इथं म्हणते. मला माफ करा.

आणि एक शब्द देते. दर पौर्णिमेला मी तामलवाडीला जाईन. रानात जाऊन तोंड लपवणार नाही. ओट्यावर बसेन, चहा गरम आहे तोवर घेईन, आणि दिगंबरकाकांनी कुस्तीचा विषय काढला की उठणार नाही.

तुमचंच नाक घेऊन फिरणारी,
सुनंदा
तुळजापूर