नेवरेकर कुलवृत्तान्ताचे शेवटचे प्रूफ

१ जानेवारी १९२८. सकाळी सात.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायला नाही, स्वतःच्या शिस्तीसाठी. संकल्प एकच: नेवरेकर घराण्याचा कुलवृत्तान्त येत्या पाडव्याला छापून हातात.
देवरूखहून माझा चुलतभाऊ आत्माराम लिहितो की दादा, हे काम तुम्हीच करू जाणा. त्यात शंका नाही. आत्मारामचं कापडाचं दुकान, शिक्षण मराठी चौथी. त्याच्या दृष्टीनं कापड टरकन फाडलं की काम झालं. मी तीस वर्षं कचेरीत काढली, पैकी अकरा हेडक्लार्क म्हणून. माझ्या टेबलावर अर्धवट कागद कधी कोणाला दिसला नाही. तसा दिसला की मी तो दुसऱ्याच्या टेबलावर पाठवत असे.

३ जानेवारी.
रजिस्टर आणलं. पानं आखली. मार्जिन दीड बोट. संध्याकाळी वाटलं, दोन बोटं हवं. पुन्हा आखायचं.
आमची ही, म्हणजे यमुना, म्हणाली, नावं लिहायला लागा, मार्जिन कोण वाचतंय? बायकांना सिस्टिम कळत नाही.

१९ जानेवारी.
मार्जिन फायनल. एक नाव लिहिलं: मूळ पुरुषाचं. ते पक्कं नाही म्हणून पेन्सिलीनं. दुपारी झोप.

११ फेब्रुवारी.
आनंदीकाकू येऊन टेबलाशी बसली. धाकटे काका गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. सत्तरी कधीच उलटली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. अक्षरओळख शून्य, पण पुस्तकात हिचं लक्ष सर्वांहून जास्त. म्हणाली, हरी, माझ्या राहीचं नाव घाल हो त्यात.
राही म्हणजे तिची मुलगी. सहा वर्षांची होऊन तापानं गेली. मी तेव्हा पाळण्यात. म्हणाली, पोरीचा फोटो नाही, कपडासुद्धा घरात राहिला नाही. तिला बघितलेली आता मी एकटी उरलेय. मी गेले की ती होती हेसुद्धा कोणाला कळायचं नाही. छापलंस की मला ते अक्षर बोटानं दाखव, म्हणजे झालं.
मी पेन उचललं. विचारलं, निधनाची तारीख? म्हणते, बंदरात तांदळाचं गलबत फुटलं त्याच आठवड्यात. ही काय तारीख झाली? निक्षून सांगितलं, माझ्या पुस्तकात तारखेशिवाय कोणाला मरता येणार नाही.
म्हणाली, मेल्या, तिला तरी कुठं मरायचं होतं?
असल्या उत्तरांवर इतिहास लिहिता येत नाही.

पाडवा.
पुस्तक तयार नाही. कारणं तीन. एक, शाई पातळ. दोन, खुर्ची. तिसरं संध्याकाळी लिहीन.

१४ मे.
पुतण्या सदूचं मुंबईहून कार्ड. त्याला मुलगा झाला. लिहितो, सर्वांना फार आनंद झाला आहे. झाला असेल! ती शाखा मी परवाच शाईनं पक्की केली होती. माझ्या पानाचं वाटोळं झालं त्याबद्दल एक अक्षर नाही.
सर्व कुलबांधवांस सर्क्युलर काढलं: छपाई पुरी होईपर्यंत कृपया आपापल्या घरी फेरबदल करू नयेत.

२ जून.
सर्क्युलरला एकच उत्तर. चिपळूणची शाखा विचारते, आमच्या दमयंतीचं ठरलेलं लग्न मोडू का? टर उडवताहेत. ह्याच माणसांसाठी मी डोळे फोडतोय.

२० नोव्हेंबर.
आत्माराम न कळवता आला. जेवला, रजिस्टर काखेत मारलं, आणि थेट भिकाजीच्या छापखान्यात देऊन आला. भिकाजी हा यमुनेचा मावसभाऊ. एक मशीन, खिळे जुळवणारा एक जुळारी, आणि छपराखाली शाईचा वास. मी ओरडलो की अजून पुरं नाही. आत्माराम म्हणाला, दादा, छापायला बसलं की आपोआप पुरं होतं. दुकानदारी!

१६ डिसेंबर.
पहिलं प्रूफ. चुका एकशे चौदा. पैकी भिकाजीच्या वीस. बाकीच्या माझ्या, पण त्या चुका नव्हेत, विचार बदलल्याच्या खुणा आहेत.

९ फेब्रुवारी १९२९.
दुसरं प्रूफ. भिकाजी तोंड वाकडं करून दारात उभा. त्याचे शिशाचे अक्षरांचे खिळे माझ्या चाळीस पानांत अडकलेत म्हणे. दर ओळीला नेवरेकर, नेवरेकर. त्यात सगळे 'व' आणि 'र' गुंतले. लग्नसराई तोंडावर आली, वर आणि वधू कुठून छापू, विचारतो.
मी सांगितलं, लोकांनी काही दिवस मुंजी कराव्यात.

२५ मार्च.
भागोजीकाका वारले. वाईट झालं. पान तेविसावर ते 'विद्यमान' होते. आजारी होते तर आधी कळवायला काय झालं होतं? पान पुन्हा.

७ एप्रिल.
राहीच्या तारखेचा छडा लावायचाच असं ठरवलं. कोणी म्हणायला नको की काकूसाठी काही केलं नाही.
खाडीच्या तरीतून भाट्याला गेलो. गंगाराम तांडेल पंचाहत्तरीचा आहे, त्याला गलबत आठवतं. कोणत्या साली फुटलं? तर म्हणे, मला मिशी फुटली त्या साली. मिशी कधी फुटली? म्हणे, गलबत फुटलं तेव्हा. वर मलाच हसतो! शहाळं मात्र दिलं. बरं होतं.

१८ एप्रिल.
जयगडला जुन्या गलबतांचं बुक आहे असं ऐकून होडीनं गेलो. वाटेत पोटातलं सगळं समुद्राला दिलं. बुक मिळालं. पुठ्ठे शाबूत, आत पान नाही. कोकणात काम शेवटापर्यंत नेणारी एकच जात आहे, ती म्हणजे वाळवी.

१ मे.
लक्षात आलं की गलबतांशिवाय राहीची तारीख नाही, आणि तारखेशिवाय पुस्तक नाही. म्हणून नवं प्रकरण: 'कोकणकिनाऱ्यावर फुटलेली गलबतं.' यमुनेला सांगितलं. ती म्हणाली, त्यात नेवरेकरांचं कोणी होतं का? नव्हतं. म्हणूनच ते निःपक्षपाती होणार.

१० जुलै.
तिसरं प्रूफ. चुका सत्तावन्न. भिकाजी म्हणतो, आता छापू. मी म्हटलं, सत्तावन्न चुकांचं पुस्तक नेवरेकरांच्या नावावर? म्हणाला, शेवटी एक शुद्धिपत्र जोडू. शुद्धिपत्र म्हणजे आपण आंधळे आहोत हे स्वतःच छापून वाटणं. चौथं प्रूफ झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, अशी ऑर्डर दिली.

१२ ऑगस्ट.
आठ दिवस झड. आगबोटी बंद, टपाल उशिरा. काकू तापली आहे. वैद्य येऊन गेले, वय झालं म्हणाले. ते मलाही सांगता आलं असतं.
यमुना टेबलाशी येऊन उभी राहिली. तिसऱ्या प्रुफावर एक ओळ लिहा म्हणाली. राही, लहानपणी निवर्तली. एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे, ती जायच्या आत छापून येऊ दे.
मी समजावलं. आज एकीला तारखेवाचून घेतलं तर उद्या घराघरांतून लहानपणी गेलेली पोरं येऊन उभी राहतील. यमुना म्हणाली, येऊ देत की. आपलीच ना ती?
आणि आत गेली.

१३ ऑगस्ट.
काकूच्या दाराशी गेलो होतो. डोळे मिटलेले, तरी पावलं ओळखली. हरी, छापलं का रे? म्हटलं, होतंय. म्हणाली, बरं. थांबते.
वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. येऊन टेबलाशी बसलो, पेन घेतलं, राही असं लिहिलं. मग वाटलं, वर मार्जिन कमी पडतंय.

३० ऑगस्ट.
काकू उठून बसली. पेज प्यायली, मीठ कमी म्हणून यमुनेला बोलली. म्हणजे घाई नाही. उगीच सगळ्यांनी माझ्या डोक्याला ताप दिला.

५ नोव्हेंबर.
तिसरं प्रूफ यमुनेनं मागितलं. फळीवर घालायला कागद हवेत म्हणे. दिलं. चौथं प्रूफ यायचं आहे, तिसऱ्याला आता कोण विचारतो?

१२ मार्च १९३०.
चार महिने झाले, भिकाजी विचारायला येत नाही. खिळ्यांची रड नाही. शेवटी वठणीवर आला. यमुनाही विचारत नाही, आत्मारामचं पत्र नाही. माणसं शिकतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो.
गलबतांचं प्रकरण चौऱ्याण्णव पानं. अजून मालवणच्या खाली उतरलो नाही.

१५ एप्रिल.
गावभर मिठाची चर्चा. जो तो मीठ करायला निघालाय. माझ्या चौथ्या प्रुफाची कोणाला आठवण नाही.

२ मे. दुपारी चार.
लगेच लिहून ठेवतो, पुरावा असावा.
अकराच्या मोटारीनं आत्माराम आला. बरोबर भिकाजी. डोक्यावर गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. ओटीवर सोडला. नेवरेकर कुलवृत्तान्त! छापून, शिवून, वर हिरवा कागद! घरातले सगळे मला चुकवून एकमेकांकडे बघतात. यमुनेनं फळीवर घातलं म्हणून सांगितलेलं माझं तिसरं प्रूफ हिनं देवरूखला पाठवलं, आत्मारामनं छाप म्हणून सांगितलं, आणि या भिकाजीनं आपले 'व' आणि 'र' सोडवून घेतले.
मी तिथंच पेन्सिल काढली. तासाभरात चुका मोजल्या. सत्तावन्न! एकही कमी नाही. त्या सर्व मी स्वतः करून स्वतः पकडलेल्या होत्या, असं आत्मारामला ठणकावलं. तो म्हणाला, दादा, म्हणूनच वर नाव तुमचं घातलंय.
नाव खरंच माझं आहे. टाइप लहान.

त्याच दिवशी. सहा वाजता.
मघाशी राहून गेलं. मी चुका मोजत होतो तेव्हा यमुनेनं काकूला हाताला धरून ओटीवर आणलं. पान एकोणीस काढलं. धाकट्या काकांच्या खाली एक ओळ वाढवलेली आहे, आत्मारामनं घातली: 'कन्या राही, वय सहा, लहानपणी निवर्तली.' तारीख नाही. पुरावा नाही. गलबत नाही.
यमुनेनं काकूचं बोट धरून त्या अक्षरावर ठेवलं. काकूनं विचारलं, हे रा? हो. आणि हे ही? हो. मग काकूनं स्वतःच ते दोनदा गिरवलं. पदर तोंडाला लावला. आत्माराम रडत होता. भिकाजीही. छापखानेवाला! मी मान खाली घालून मोजत राहिलो. चौतीस की पस्तीस, तिथं गोंधळ झाला, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.
मग काकू म्हणाली, आता आमच्या हरीचं काय लिहिलंय ते वाच. यमुना जरा घुटमळली. वाचलं: 'हरिश्चंद्र. पेन्शनर. वास्तव्य रत्नागिरी. कुलवृत्तान्ताचे काम चालू आहे.'
भिकाजी खोकला. आत्माराम गठ्ठ्याची सुतळी गुंडाळू लागला. हे वाक्य प्रुफात नव्हतं.
काकू तेवढी हसली नाही. बरोबर लिहिलंय हो, म्हणाली, आणि आत निघून गेली. पुस्तक घेऊन.

३ मे. सकाळी सात.
मंडळी गेली. घरात कोणी माझ्याशी भांडत नाही, हे जास्त लागतं.
आत्मारामचं पुस्तक मी मानत नाही. शुद्धिपत्राचं काम आजच हाती घेतलं. नवं रजिस्टर, मार्जिन अडीच बोटं. पाडव्यापर्यंत सहज होईल.
सुरुवात माझ्याच ओळीपासून केली. नाव तपासलं, बरोबर. पेन्शन, बरोबर. वास्तव्य, बरोबर. शेवटचं वाक्य चार वेळा वाचलं, उजेडात नेऊन वाचलं. आख्ख्या पुस्तकात एवढीच एक ओळ निघाली, जिच्यात दुरुस्तीला जागा नाही.