सुट्टीच्या दिवशीची गोळी

६ फेब्रु., गुरु.
एमआयडीसीला सुट्टी. दवाखान्यामागचं पत्रे ठोकायचं प्रेस शॉप गप्प. रोजची धाडधाड थांबली की सगळी चिखली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. मला झोप येते, आणि गर्दी नेमकी गुरुवारचीच.

सुदामराव आले. लातूरकडचे, मागच्याच शॉपमध्ये प्रेसवर असतात. बीपी चढलेलं. गोळी रोज घेता ना? तर, "ड्यूटीला रोज घेतो म्याडम. गुरवारी सुट्टी, मंग गोळीलाबी सुट्टी. महाग हाय ओ."

हसावं की रडावं.

सासऱ्यांनी दवाखाना काढला तेव्हापासून गोळ्या आम्ही इथूनच देतो, ठरलेल्या कंपनीच्या. या महिन्यात मी तेच औषध जेनेरिकमध्ये मागवलंय. निम्म्याहून कमी पैसे. पहिलं पाकीट सुदामरावांना. "आता गुरुवारीही घ्यायची." मान डोलावली.

आप्पा पेपरामागून, "औषध तेच गं सूनबाई. पण फुकटासारखं दिलंस की गुण येत नाही." सासरे झाले तरी आधी डॉक्टर. वाद घातला नाही.

११, मंगळ.
दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात कपाटातल्या गोळ्या शेवग्याच्या फुलांसारख्या अंगणात गळतायत, बायका ओच्यात वेचतायत, पैसे मागायला कोणीच नाही. प्रेसच्या आवाजाने जागी झाले. संध्याकाळपर्यंत उगाचच छान वाटत होतं.

१५, शनि.
प्रेस मध्येच थांबला. कान टवकारलेच होते. दोघं जण सुदामरावांना धरून घेऊन आले. चक्कर. बटण दाबायच्या आधीच खाली बसले म्हणून, नाहीतर हात... लिहवत नाही.

बीपी अगदी खाली. पाय वर करून निजवलं. बोलायला लागले तसं विचारलं, गोळ्या किती घेता?

"दोन."

का पण?

"निम्म्या पैशाची गोळी म्हनल्यावर ताकदबी निम्मीच असनार की. म्हनून दोन घ्यायलोय."

त्यांचा राग आला, मग माझाच. स्वस्त का, हे सांगितलंच कुठे होतं मी? मान डोलावली की झालं, असं धरून चालले. आप्पांनी पेपराचं पान उलटलं. ते जास्त लागलं.

२०, गुरु.
पुन्हा ती शांतता. सुदामरावांचं बीपी बरं. नीट समजावलं. औषध तेच, ताकद तेवढीच, वरचं नाव तेवढं वेगळं. सगळं ऐकून घेतलं. मग जुन्या गोळीचे होते तेवढे पैसे काढून टेबलावर ठेवले.

"म्याडम, पुरे पैसे घ्या. मंग एकच पुरंल मला."

म्हटलं, असं कसं घेऊ?

"कळतंय ओ मला. मन मानंना."

आप्पा पेपर खाली न करता, "घे."

नाही घेतले. जास्तीचे त्यांच्या खिशात परत कोंबले. एकच घ्यायची, शपथ घातली. हसून गेले. त्या हसण्याचा काय अर्थ लावायचा.

२१, शुक्र.
सकाळी प्रेस सुरू झाला. दवाखाना उघडला नाही अजून, चहा घेऊन मागच्या खिडकीशी बसलेय. त्या धाडधाडीतला जरासा संथ ठोका सुदामरावांचा, आता ओळखू येतो. आज एक घेतली की दोन, ते काही त्यातून कळत नाही. मध्येच जरा लांबला तर चहाचा घोट तोंडातच राहतो.

आप्पांचं ऐकायला हवं होतं का?

धाड. चालू आहे.