त्या पाळीला सुकाणूवर मी होतो

मी, काळुराम धर्मा कोळी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कोलशेत गाव, ठाणे, पूर्वीचा धंदा शिडाच्या गलबतावर खलाशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला कोणी मागितला नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी जनी हिची. ती आहे तोवर मुलगा सुदेश याने घोडबंदर रोडवरून बिल्डरला घेऊन येऊ नये. आणलाच तर चहा पाजून परत न्यावा. जनीमागे घर सुदेश आणि मुलगी दक्षता यांना निम्मं निम्मं.

२. शीड शिवायचं दाभण दक्षताला. सुदेशने रुसू नये, त्याला साधं बटण लावता येत नाही.

३. शेजारच्या हौसाबाईने हळदीला नेलेला आमचा मोठा टोप अकरा वर्षं झाली तरी परत आलेला नाही. तो तिलाच दिला. आता तरी समोरून जाताना तिने मान फिरवू नये.

४. पितळी होकायंत्र. याचं जरा सविस्तर लिहितो, कारण ते माझ्या हक्काचं नव्हतं.

१९७१ साली आमचं 'जलदेवी' गलबत कौलं भरून खाडीने कल्याणला चाललं होतं. दुपारची सुकाणूची पाळी गुणाजीची, म्हणजे जनीच्या भावाची. तांडेलाला, म्हणजे गलबताच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय पाळी बदलायची नाही, हा गलबतावरचा कायदा. तांडेल झोपला होता. कोलशेत जवळ आलं तसं मी गुणाजीला म्हटलं, "तू भात बघ, मी धरतो." भाताचं आपलं निमित्त! जनीशी माझं लग्न ठरलेलं, ती धक्क्यावर दिसेल म्हणून मी तिकडे बघत राहिलो. ती आलीच नव्हती. गलबत मात्र उधाणाच्या भरतीत चिखलावर चढलं, मी सुकाणू सोडून पुढे धावलो, म्हणून सुकाणूवर मला कोणी पाहिलं नाही.

उधाणात चढलेलं गलबत पुढच्या उधाणाशिवाय उतरत नाही. पंधरा दिवस! माणशी दोन तांबे पाणी, भात आणि सुकटीचं कालवण. सकाळी गलबतातलं पाणी उपसा, दुपारी शीड सांधा, मग पत्ते आणि शिव्या. जनी होडीतून पाण्याचा हंडा घेऊन यायची. खरं सांगतो, मी इतका सुखात पुन्हा कधी नव्हतो.

आणि त्याचं मोल गुणाजीने भरलं. तांडेलाने विचारलं, "पाळी कोणाची?" सगळे म्हणाले, गुणाजीची. मी गप्प बसलो. गुणाजीही गप्प बसला, कारण तो बोलला असता तर मला उतरवलं असतं आणि बहिणीचं लग्न मोडलं असतं. त्याला गलबतावरून उतरवलं. पुढे मी तांडेल झालो, जुन्या तांडेलाने होकायंत्र माझ्या हातात दिलं. गुणाजीला कोणी सुकाणूला हात लावू दिला नाही. गाव त्याला अजून 'चिखल्या' म्हणतं. लाज वाटते, पण मीही त्यावर हसलो आहे. तरी रोज संध्याकाळी तो धक्क्यावर माझ्याच शेजारी बसतो.

गेल्या आठवड्यात जनीला सांगितलं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या भावाचं नाव आधी धुऊन काढा, मग ताटावर बसा."

म्हणून लिहितो, त्या पाळीला सुकाणूवर मी होतो. हे कलम येत्या नारळी पुनवेला, नारळ सोडण्याआधी, धक्क्यावर सगळ्यांसमोर वाचावं. मी असलो तर मीच वाचीन. होकायंत्र गुणाजीला द्यावं.

कलम ४ ची दुरुस्ती : नौपाड्याच्या वकील भावनाताई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार न झालेलं बरं. गुणाजी समोरच बसला होता. म्हणाला, "मंग मना होकायंतर नको. मना सही करायची हाय." सबब होकायंत्र नात सान्वीला.

ठिकाण : कोलशेत, ठाणे
दिनांक : १२ जून २०२४

लिहून ठेवणार : काळुराम धर्मा कोळी (सही)

साक्षीदार :
१) सुमित (शेजारी), सही
२) गुणाजी जोमा कोळी, सही

(सहीखाली गुणाजीच्या हातचं : "भात करपलेला त्या दिवशी. तेवढा दोष माझा.")