बिनहाराचं चित्र

७ ऑक्टो., भूम
दिवाळीची झाडझूड सूनबाई प्रियंकानं आजच काढली. भिंतीवरची मंडळी सगळी खाली. आजोबा, माझे वडील अण्णा, आणि 'राजाची पोरं'. इंग्लंडच्या कुठल्या तरी राजाची तीन लेकरं नि दोन कुत्री; अण्णा गावच्या देशमुखांची शिकारी कुत्री सांभाळायचे, तेव्हा मिळालेलं चित्र. शाळेतले ड्रॉइंगचे सर सांगायचे, याला मेझोटिंट म्हणतात. तांब्याचा पत्रा आधी सगळा काळा करायचा, मग घासून घासून त्यातून उजेड काढायचा. मधल्या पोरीचा चेहरा सगळ्यात उजळ. माझं लक्ष मात्र कुत्र्यांकडं. गुरांच्या दवाखान्यात उभी हयात गेली, पण इतकं गप बसलेलं कुत्रं काही पाहिलं नाही.

८ ऑक्टो.
घोटाळा. प्रियंकानं नवे चंदनी हार आणले, सगळ्या फोटोंना घातले. राजाच्या पोरांनाही. "जुनीच माणसं ना, मामा?" तिचं तरी काय चुकलं? ती पोरं केव्हाच गेली असणार.
पण आईनं (वय ८६!) काठीनं हार ओढून पाडला. "जित्त्या लेकराला हार घालत्यात व्हय?" मग जेवली नाही.

९ ऑक्टो.
प्रियंकाला सांगावं लागलं. माझी थोरली बहीण सरूअक्का एकोणिसाव्या वर्षी जातीबाहेरच्या मास्तराबरोबर गेली. अण्णांनी तिच्या नावानं आंघोळ केली, तिचे होते ते दोन्ही फोटो चुलीत घातले. "मेली ती." तेव्हापासून आईची सरू म्हणजे चित्रातली मधली पोरगी. कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलीय. अक्का आमच्या मोत्याजवळ तशीच बसायची. आई रोज सकाळी पदरानं काच पुसते.
"आत्या असतात कुठं?" प्रियंकानं विचारलं. मी चहा मागितला.

१० ऑक्टो.
लोहाऱ्याला असते. ठाऊक आहे मला. तीन वर्षं माझी नोकरी होती तिथं. एकदा बाजारात समोर आली, थांबली. मी गाडी वळवली. अण्णांना भ्यालो म्हणावं, तर अण्णांना जाऊनही नऊ वर्षं झाली. लाज वाटते. दुसरं काय लिहू.
आई सकाळी एवढंच बोलली, "बापू, डोळ्यापुढं एकदा आन तिला."

१२ ऑक्टो., परतीच्या गाडीत
अक्षर हलतंय. धाराशिवला गाडी बदलून लोहाऱ्याला गेलो. मास्तरांचं घर विचारताच दाखवलं लोकांनी. दारात अक्काच. केस पांढरे, चाल आईची. "ये बापू," म्हणाली, जशी काही मी कालच येऊन गेलो होतो. मला रडूच आलं.
आत भिंतीवर आईचा जत्रेतला फोटो, अक्कानं जाताना नेलेला. त्याला हार.
"अक्का, हे काय? आई हाय की."
"अण्णांचं पत्र आलं हुतं, गेली म्हणून. म्या तेरावं केलं तिचं."
अण्णा, हेही केलंत?
मग चित्राचं सांगितलं, मधल्या पोरीचं, आईच्या पदराचं. "मोत्यावानी हाय व्हय ते कुत्रं?" एवढंच विचारलं तिनं. येते म्हणाली नाही. येत नाही, असंही म्हणाली नाही. खुर्ची ओढून वर चढली, मी खुर्ची धरली. हार काढला. खाली उतरली, पण तो कुठं ठेवावा ते तिला सुचेना.
चारच्या गाडीला निघालो, तेव्हाही तो तिच्या हातातच होता.